कुठपर्यंत?

विमानात शेजारच्या सीटवरचा माणूस तुम्हाला काय विचारतो? बरोब्बर... काहीच नाही. फार तर 'एक्स्क्यूज मी', तेसुद्धा टॉयलेटला जायचं असेल तर. ट्रेनमध्ये मात्र गाडी हडपसर ओलांडायच्या आत समोरचा विचारून मोकळा होतो, 'कहाँ तक?' नाव नाही, आडनाव नाही, डायरेक्ट 'कुठपर्यंत?'

या प्रश्नामागे शुद्ध गणित असतं. तुम्ही मनमाडला उतरणार असाल तर तुमची खिडकी कोणाला मिळणार, हे ठरवायचं असतं. तुम्ही दिल्लीपर्यंत असाल तर मग तुमच्याशी जुळवून घ्यायलाच हवं. शिफारस, बायोडेटा काही नको. किती तास एकत्र काढायचेत, एवढ्यावर ओळख ठरते. काय सही फंडा आहे ना?

तसे ट्रेनमधले प्रवासी दोन-चार प्रकारांतच बसतात. एक 'डबेवाले', म्हणजे गाडी हलली की दहा मिनिटांत पुरी-भाजीचा डबा उघडणारे. दुसरे 'स्टेशन मास्तर', ज्यांना पुढचं स्टेशन कोणतं, गाडी तिथे किती मिनिटं थांबते आणि कुठल्या बाजूला चहा चांगला मिळतो हे सगळं पाठ असतं. तिसरे 'अप्पर बर्थ योगी'. हे हेडफोन लावून वर जातात ते थेट उतरायच्या वेळीच खाली येतात. आणि चौथे आमच्यासारखे, शेजारच्यांची गोष्ट ऐकायला कान टवकारून बसलेले. प्रोफेशनल हॅझार्ड, दुसरं काय!

पूर्वी डब्याच्या दाराशी चिकटवलेला चार्ट वाचायचा एक वेगळाच टाइमपास असायचा. नाव, वय, एम की एफ... कॉलेजच्या ट्रिपला आमच्या ग्रुपमधली मुलं स्वतःची सीट शोधायच्या आधी आसपास 'एफ, २१' कुठे आहे ते शोधायची. मार्च २०१८ पासून मोठ्या स्टेशनांवर डब्यांना चार्ट चिकटवणं बंद झालं. आता शेजारी कोण येणार, हे तो शेजारी येऊन बसल्यावरच कळतं.

गेल्या डिसेंबरात माझ्या शेजारी जे कोण आलं, त्याची ही गोष्ट.

मला दिल्लीला जायचं होतं. विमानाचं तिकीट ऐन वेळी जे सांगत होते, त्यात माझं महिन्याचं भाडं निघालं असतं. त्यातून एका क्लायंटने चार महिन्यांपासून पेमेंट लटकवलेलं. (फ्रीलान्सर मंडळी, तुम्हाला पुढचं सांगायला नकोच!) म्हणून झेलम एक्सप्रेस. पुण्याहून संध्याकाळी निघते, जम्मू तवीपर्यंत जाते, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. पुण्यात सदर्न कमांड, नगरला आर्मर्ड कोअरचं सेंटर, आणि पुढे झाशी, अंबाला, पठाणकोट. त्यामुळे या गाडीत हिरव्या बॅगा आणि काळ्या ट्रंका घेतलेले जवान हमखास भेटतात.

माझं तिकीट वेटिंगमधून सरकत सरकत आरएसीवर येऊन थांबलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आरएसी म्हणजे एका साइड लोअर बर्थवर दोन माणसं. बसायला जागा मिळते, पण आडवं व्हायचं तर दोघांनी पाय कुठे ठेवायचे, ते दोघांनीच ठरवायचं. म्हणजे लग्नच जवळजवळ, फक्त पत्रिका न जुळवता.

माझ्या अर्ध्या बर्थच्या उरलेल्या अर्ध्यावर साठीपुढच्या एक बाई आल्या. नऊवारी-बिववारी नाही, साधी कॉटनची साडी, वर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. एक भली मोठी बॅग, एक पिशवी. 'कहाँ तक?' त्यांनी विचारलं. मी मराठीत 'दिल्ली' म्हटलं, तशा खुलल्या. 'मराठी आहेस होय! मी ग्वाल्हेर. लश्करची.'

लश्कर म्हणजे ग्वाल्हेरचा जुना भाग. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तिथे छावणी टाकली, तिचंच पुढे शहर झालं. तिथल्या मराठी घरांमधली मराठी ऐकायला फार गोड असते. मधूनच हिंदी वळण घेते आणि परत येते. मी 'काकू' म्हटलं, तर म्हणाल्या, 'काकू नको गं, मावशी म्हण. काकू म्हटलं की सोसायटीतली मीटिंग आठवते.'

दौंड जायच्या आत मावशींनी डबा उघडला. डिंकाचे लाडू. एक माझ्यापुढे धरला. आणि मी... 'नको मावशी, पोट भरलंय.'

खोटं होतं ते. दुपारी एक वडापाव खाल्ला होता फक्त. पण स्टेशनवर दर दहा मिनिटांनी ती अनाउन्समेंट ऐकतो ना आपण, अनोळखी व्यक्तीकडून खाद्यपदार्थ घेऊ नका. ती आपल्या डोक्यात पक्की बसलीये. आणि ती चुकीचीही नाही. गुंगीचं औषध देऊन लुटल्याच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात.

मावशी काही बोलल्या नाहीत. तोच लाडू मधोमध फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, चावून गिळला, आणि उरलेला अर्धा परत माझ्यापुढे धरला. 'आता घे.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाडू मात्र सॉल्लिड होता!

मग विषयातून विषय. म्हटलं, मावशी, या वयात तुम्ही आरएसीवर कशा? ज्येष्ठ बायकांना लोअर बर्थ आपोआप देतात ना? म्हणाल्या, 'शिल्लक असेल तर देतात. मी तिकीटच तीन दिवसांपूर्वी काढलं. खिडकीवर जाऊन, रांगेत उभं राहून. अर्धं तिकीट होतं आमचं पूर्वी, ते पण २०२० मध्ये बंद करून टाकलं.' मुलगा पुण्यात, आयटीत. त्याने का नाही काढून दिलं, हे मी विचारलं नाही. पण माझ्यातली पत्रकार तिथेच जागी झाली, हे कबूल.

'तुझा फोन देतेस जरा? माझा बंद पडलाय. मुलाला गाडीत बसले एवढं सांगते. मीटिंगमध्ये होता, मीच कॅबने आले.' मी फोन दिला. 'हो, बसले. हो, शेजारी चांगली मुलगी आहे. हो रे, लग्नाचं सगळं सांगते पोचल्यावर.' बास. वीस सेकंद.

नगरला गाडीत बऱ्यापैकी गर्दी चढली. समोरच्या खालच्या बर्थवर साताऱ्याकडचा एक जवान होता, सुट्टी संपवून परत निघालेला. पंचविशीचाही नसेल. मी विचारलं, 'कुठे पोस्टिंग?' तो हसला. 'वरती.' एवढंच. 'वरती' म्हणजे किती वर, ते नकाशात तुम्ही शोधा!

दहा वाजले, मधले बर्थ उघडले, दिवे बंद झाले. आमच्या साइड लोअरच्या दोन सीट पाडून बर्थ केला की मध्ये जी फट राहते, तिच्यातून डिसेंबरचा वारा असा घुसतो की विचारू नका. आम्ही दोघी पाय कसे ठेवायचे याच्या वाटाघाटी करत होतो, तेवढ्यात जवान उठला. 'मावशी, तुम्ही माझ्या बर्थवर झोपा. ताईंना तिथं नीट आडवं होऊ दे.' आणि तू? 'मला सवय हाय.' त्याने आपलं बिस्तर खाली दोन बर्थच्या मधे अंथरलं आणि दोन मिनिटांत गाढ झोपला. ना फोटो, ना स्टेटस.

मावशी मात्र झोपल्या नाहीत. मनमाड गेल्यावर हळूच माझ्या बर्थवर येऊन बसल्या. 'झोपलीस?' नाही म्हटलं.

'माझा फोन बंद पडला नव्हता गं. मीच बंद केलाय.'

ट्रेनच्या अंधारात माणसं का बोलतात, यावर मी खूप विचार केलाय. मला वाटतं, 'कुठपर्यंत' याचं उत्तर आधीच दिलेलं असतं ना, म्हणून. समोरचा उतरणार हे पक्कं माहीत असतं. उद्या त्याची नजर चुकवायची नसते. मैत्रिणीला सांगितलं की ती महिनाभर विचारत राहते, 'मग काय ठरलं?' ट्रेनमधला माणूस विचारत नाही. तो गेलेला असतो.

तर मावशींची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर गेले. मुलाने पुण्याला आणलं. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वतःची खोली, स्वतःचा टीव्ही. मी मनात तयारीत होते, आता सून येणार, भांडणं येणार. तर म्हणाल्या, 'सून चांगली आहे. हाच तर प्रॉब्लेम आहे. वाईट असती तर भांडून निघाले असते. चांगल्या माणसांना काय सांगून निघायचं?'

त्यांना तिथे काही कमी नव्हतं. फक्त लिफ्टमध्ये सगळे 'हाय आंटी' म्हणायचे, आणि तीन वर्षांत एकानेही त्यांचं नाव विचारलं नव्हतं. लश्करमध्ये त्यांचं घर आहे, कुलूपबंद. मुलगा ते विकायचं म्हणतोय, गिऱ्हाईकही आलंय. मावशींनी सांगितलं, भाचीचं लग्न आहे, आठ दिवस जाऊन येते. लग्न खरंच होतं. पण तिकीट एकाच बाजूचं काढलं होतं.

'परत जाणार नाही मी. पण तिथे समोर बसून सांगितलं असतं तर दोघं रडले असते. आणि मी राहिले असते.'

मी काय बोलणार? मग मीही माझं सांगितलं. घरी, सांगलीला, मी एका स्टोरीसाठी दिल्लीला चाललेय असं सांगून निघाले होते. खरं तर मी नोकरीच्या इंटरव्ह्यूला चालले होते. फुल टाइम, दिल्लीत. बाबांची मागच्या वर्षी बायपास झाली, मी एकुलती एक. मिळाली तर सांगू, नाही तर कशाला, असं आपलं चाललं होतं. मावशी म्हणाल्या, 'म्हणजे आपण दोघी एकाच बर्थच्या.' आणि आम्ही तोंडावर शाल धरून हसलो, कारण खाली फौज झोपली होती.

इथपर्यंत सगळं छान. म्हणजे या कॉलमसाठी एकदम परफेक्ट. लोच्या पुढे झाला.

सकाळी गाडी इटारसीला. मी कागदी कपातला चहा घेऊन दारात उभी, फोन वाजला. अनोळखी नंबर. मावशींचा मुलगा.

'सॉरी, इतक्या सकाळी. आईचा फोन लागत नाहीये, म्हणून काल जिथून आला होता त्यावर केला. उठली आहे का ती?'

'नाही, झोपल्यात.'

'बरं.' मग थोडा वेळ काहीच नाही. 'एक विचारू? आई काही बोलली का तुमच्याशी? म्हणजे... रात्री मी तिच्या खोलीत गेलो. बाबांचा फोटो भिंतीवर नाहीये. आठ दिवसांच्या लग्नाला जाताना फोटो कोण नेतं?'

खरं सांगते, मला घाम फुटला. इंटरव्ह्यूमध्ये लोकांना अडचणीत टाकणारे प्रश्न मी विचारते. माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. 'नाही' म्हणणं म्हणजे खोटं. 'हो' म्हणणं म्हणजे रात्री अंधारात माझ्या हातात ठेवलेली गोष्ट परस्पर दुसऱ्याला देणं. आणि पलीकडचा आवाज व्हिलनचा नव्हता हो. तो घाबरलेल्या मुलाचा आवाज होता. मी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांशी तसंच बोलत होते.

म्हटलं, 'तुम्ही त्यांनाच विचारा ना. उठल्या की फोन करायला सांगते.'

'म्हणजे बोललीये,' तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

मी आत आले तर मावशी उठून वेणी घालत होत्या. मला राग आला होता. सांगितलंच तोंडावर, 'मावशी, तुम्ही मला मधे घातलंत.' त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'हो गं. घातलं,' म्हणाल्या. सॉरी नाही, सफाई नाही.

जवान खाली बिस्तर गुंडाळत होता. त्याने सगळं ऐकलं होतं, हे तो बोलला तेव्हा कळलं. 'ताई, तुमी केलं ते बराबर. घरची गोष्ट घरच्यानंच सांगायची. मी बी आईला पोस्टिंग कुठं ते सांगितलेलं न्हाई. पण ते आईला मीच सांगणार. दुसऱ्यानं सांगितलं तर ती मला माफ न्हाई करणार.' मग बिस्तराचा पट्टा आवळत म्हणाला, 'पण मावशी, तुमी आज सांगा.'

इटारसी सोडल्यावर थोड्याच वेळात नर्मदेचा पूल येतो. सगळा डबा खिडक्यांशी जमा होतो. मावशींनी पर्समधून पाचाचं नाणं काढून नदीत टाकलं, हात जोडले. पूल संपला, बुधनीचा घाट सुरू झाला, सागाची झाडं धुक्यात उभी. मी म्हटलं, 'करा ना आता फोन.' 'ग्वाल्हेरला पोचल्यावर करते. दार उघडून, आतून. म्हणजे मागे फिरता येणार नाही.' आणि मग मला विचारलं, 'आणि तू गं? तू कुठून करणार?'

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

भोपाळला अप्पर बर्थ योगी पहिल्यांदा खाली उतरले, आणि त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, 'चार्जर है क्या?' झाशीपर्यंत गाडी धुक्यामुळे दोन तास लेट. डब्यातले लाडू संपले, जवानाच्या पिशवीतले कंदी पेढे संपले. समोरच्या कुटुंबातल्या छोट्या मुलीने मावशींच्या मांडीवर झोप काढली. संध्याकाळ व्हायच्या सुमारास ग्वाल्हेर आलं. मी विचारलं, 'मावशी, मी हे लिहू का?' थोडा विचार करून म्हणाल्या, 'लिही. नाव नको. आणि महिनाभर थांब. त्याने पेपरात वाचायच्या आधी माझ्याकडून ऐकायला हवं.' त्यांच्या बॅगेला हात लावायची संधी जवानाने कोणाला दिलीच नाही. माझा नंबर त्यांनी मागितला नाही, मीही त्यांचा मागितला नाही. खिडकीतून एकदा हात केला. गेल्या.

मथुरेच्या आसपास मी दारापाशी गेले आणि बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. इतका वेळ शांतता की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, 'पैसे आहेत ना जवळ?' एवढंच. त्यांचं 'काळजी वाटते' हे वाक्य असंच येतं.

(नोकरी मिळाली नाही. ते जाऊ दे.)

दहा दिवसांनी एक मेसेज आला. मावशींच्या मुलाचा. 'आई तिथेच राहायचं म्हणतेय. त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं ना?'

दोन दिवस मी उत्तर लिहीत होते आणि खोडत होते. त्यांचा हक्क, तुमचा हक्क, प्रायव्हसी, विश्वास... सगळं लिहून झालं. शेवटी एकच शब्द पाठवला. 'हो.'

ब्लू टिक आली. उत्तर आलं नाही. अजूनही नाही.

महिना कधीच होऊन गेला, म्हणून आज हे लिहितेय. मी बरोबर केलं, असं जवान म्हणाला. मला रोज तसं वाटत नाही. ज्या दिवशी बाबांशी बोलणं होतं, त्या दिवशी मला तो मुलगा जास्त आठवतो. आपण ट्रेनमध्ये एकमेकांना विचारतो, कुठपर्यंत? उत्तरात स्टेशनचं नाव सांगतो आणि उतरून जातो. पण कोणाची गोष्ट एकदा ऐकली की ती आपल्याबरोबर पुढे येतेच. कुठपर्यंत, ते तिकिटावर छापलेलं नसतं.

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं त्याला? विचार करा. आणि पुढच्या वेळी स्वस्त फ्लाइट दिसली, तरी एकदा झेलमचं वेटिंग बघा.

लाँग रूटचे फंडे

* सध्या आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते). दिवाळी-मे महिन्याचं प्लॅनिंग त्या हिशेबाने करा.

* मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडता येतो. सात वाजता 'अजून पाच मिनिटं' म्हणणाऱ्यांनी खालच्यांच्या मानेचा विचार करावा.

* रात्री दहानंतर मोठ्याने गाणी, मोठ्याने गप्पा रेल्वेच्या नियमात बसत नाहीत. कुजबूज चालते. चांगल्या गोष्टी कुजबुजतच सांगतात.

* काही अडचण आली तर १३९ हा रेल्वेचा हेल्पलाइन नंबर. आधीच सेव्ह करून ठेवा.

* बर्थ बदलून मागणाऱ्याला 'नाही' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण समोर कोणी मावशी असतील तर त्या जवानाला एकदा आठवा.

* अनोळखी माणसाचं खाऊ नका, हे खरंच. पण तुम्ही कोणाला देणार असाल, तर आधी अर्धं स्वतः खाऊन दाखवा.